बोटीच्या इंजिनाचा हीट एक्स्चेंजर गळतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती इनबोर्ड डिझेल इंजिनांसाठी आहे: ट्रॉलर, पर्ससीन नौका, प्रवासी लाँच. मागे टांगायच्या आउटबोर्ड इंजिनाला सहसा हा भाग नसतो. ते थेट खाऱ्या पाण्यावरच थंड होतं. बंदरावर बरेच जण हीट एक्स्चेंजरला नुसतं ‘कुलर’ म्हणतात. पण गिअर ऑइलचा कुलर वेगळा आणि टर्बोच्या हवेचा वेगळा, म्हणून मेस्त्रीशी बोलताना कुठला कुलर ते आधी स्पष्ट करा. चुकीचा कुलर उघडला की पॅकिंगचा खर्च आणि अर्धा दिवस फुकट जातो.

हा भाग करतो तरी काय?

गाडीत रेडिएटर जे काम हवेवर करतो, तेच हा समुद्राच्या पाण्यावर करतो. इंजिनात गोड पाणी किंवा कुलंट बंद चक्रात फिरत असतं; ते इंजिनावरच्या छोट्या टाकीतून भरतात. खारं पाणी बोटीच्या तळाच्या वॉल्व्हमधून गाळणीत, तिथून रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपात आणि पुढे एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जातं. नळ्यांच्या आत खारं, बाहेर गोड. मध्ये साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ धातू. सहसा तो ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेलचा असतो. ही भिंत कुठे तरी सच्छिद्र झाली की गळती सुरू.

इंजिनाखाली थेंबही दिसत नाही, तरी टाकीतलं पाणी रोज कमी होतं. का?

कारण ते समुद्रात जातंय. इंजिन तापलं की बंद चक्रात दाब तयार होतो. टाकीच्या झाकणावर ०.५, ०.७ किंवा १ बार असा आकडा असतो, तेवढ्यापर्यंत तो चढतो. खाऱ्या बाजूला बहुतेकदा याहून कमी दाब असतो. मग भोकातून कुलंट नळीत शिरतं आणि एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर बाहेर पडतं. तळाच्या पाण्यात शोधून काही सापडणार नाही.

तरी एक्स्चेंजरवर आळ घेण्याआधी बाहेरच्या जागा बघून घ्या: होजच्या क्लिपा, गोड्या पाण्याच्या पंपाखालचं छोटं भोक, ड्रेनचे नळ, झाकणाचं रबर. झाकणाचं रबर गेलं असेल तर पाणी वाफेने उडतं आणि सगळे उगाच एक्स्चेंजर खोलत बसतात. झाकण स्वस्त आहे. आधी ते बदला.

आमच्याकडे उलटं होतं. सकाळी टाकी उघडली की पाणी वाढलेलं असतं.

तेच भोक, वेळ वेगळी. इंजिन बंद झाल्यावर गोडं पाणी थंड होऊन आकसतं आणि चक्रात किंचित ओढ निर्माण होते. खाऱ्या नळ्या भरलेल्याच असतात, त्यातलं पाणी भोकातून आत ओढलं जातं. एक्स्चेंजर पाण्याच्या पातळीखाली असेल तर समुद्र रात्रभर स्वतःहूनही भरत राहतो. म्हणजे दिवसा कुलंट बाहेर, रात्री मीठ आत. पातळी जागच्या जागी दिसते म्हणून ‘गळती थांबली’ असं समजू नका. ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

कामचलाऊ उपाय: इंजिन बंद केल्याबरोबर तळाचा वॉल्व्ह बंद करा आणि इंजिनाची चावी त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवा. वॉल्व्ह उघडायला विसरून इंजिन चालू केलं तर रबरी इम्पेलर कोरडा फिरून थोड्या वेळात जळतो.

हेड गॅस्केट गेलं असेल तर? तिथेही पाणी कमी होतं.

थंड इंजिन चालू करून पहिली दोन मिनिटं टाकीत बघा. पाणी तापायच्या आधीच होज दगडासारखा कडक होत असेल आणि बुडबुडे थांबत नसतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेड. एक्स्चेंजरच्या गळतीत थंड असताना असा दाब येत नाही.

डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीसारखं तेल आलं तर एक्स्चेंजरला दोष देऊ नका. त्यात इंजिन ऑइल नसतंच. ऑइल कुलर, गॅस्केट किंवा लायनरचे (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याचे) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, तपासा. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ असेल तर गिअरचा कुलर.

पाण्यात मीठ आलंय का, हे चाखून बघतात. चालेल?

नाही. कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे चवीवर फसगत होते ती वेगळीच.

आरओ फिल्टरसाठी मिळणारा खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) पुरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिनात ३० लिटर पाणी आहे आणि त्यात फक्त १ लिटर समुद्राचं मिसळलं, तरी आकडा जवळजवळ १,१५० पीपीएमने वाढतो. नुसतं पाणी भरलेलं असेल तर हा फरक लगेच दिसतो. कुलंट असेल तर त्याच्या रसायनांमुळे मीटर मुळातच बराच चढा असतो. म्हणून त्याच डब्यातलं ताजं कुलंट त्याच प्रमाणात मिसळून त्याचा आकडा आधी घ्या आणि दोन्हींची तुलना करा.

प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण मिळतं. दोन थेंब टाकले की क्लोराइड असेल तर पांढरा गढूळपणा येतो. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतंच, त्यामुळे इथेही तुलना हवी. हातमोजे घाला, कातडीवर पडलं की काळे डाग पडतात आणि आठवडाभर जात नाहीत.

एक्स्चेंजर न काढता नेमकी कुठली नळी गळते ते कळेल का?

बहुतेक वेळा कळतं, आणि ही सगळ्यात कामाची चाचणी आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. तळाचा वॉल्व्ह बंद करा, खारं पाणी काढून टाका, एक्स्चेंजरच्या दोन्ही टोकांची झाकणं उघडा. गोडी बाजू भरलेलीच राहू द्या. नळ्यांची तोंडं फडक्याने कोरडी करून फुंकर किंवा हलकी हवा मारा.

आता टाकीच्या तोंडावर रेडिएटर तपासायचा हातपंप लावा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरा. त्याहून जास्त नको, नाहीतर होज किंवा पंपाचं सील जाईल. अर्धा तास थांबा आणि टॉर्च घेऊन समोर बसा. आधी काहीच दिसत नाही. मग एखाद्या नळीच्या खालच्या ओठावर रंगीत कुलंटचा मोहरीएवढा थेंब जमतो, फुगतो आणि चकतीवरून (नळ्यांची टोकं जिच्यात बसवलेली असतात ती) ओघळतो. ती नळी दोन्ही टोकांना मार्करने खुणावा. थेंब नळीच्या आतून न येता नळी आणि चकती यांच्या सांध्यातून येत असेल तर तसं लिहून ठेवा. दोन्हींचा इलाज वेगळा. पंपाचा काटा उतरतोय पण नळ्या कोरड्या, तर गळती दुसरीकडे आहे.

नळ्यांचा जुडगा कवचातून बाहेर निघतच नाही. ठोकायचा का?

चकतीवर लोखंडी हातोडा मारू नका, एका फटक्यात चार सांधे सुटतात. आधी कवच आणि चकती दोन्हींवर सेंटर पंचने खूण करा, कारण बऱ्याच जुडग्यांना कुलंटच्या तोंडासमोर येणारी ठरावीक बाजू असते. ती फिरली तर इंजिन तापतं आणि कोणालाच कारण सापडत नाही. ओ-रिंगच्या जागी क्षार साचलेला असतो. तिथे गरम पाणी आणि मग गंज सैल करणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी ठोकळा चकतीच्या कडेवर, नळ्यांच्या तोंडांवर नव्हे, टेकवून हलके ठोके द्या.

कवच ॲल्युमिनियमचं असेल तर ओ-रिंग बसते तिथे पांढरी पूड आणि खड्डे मिळतील. गळतीचं मूळ बऱ्याचदा तेच असतं आणि नळ्या ठणठणीत असतात. किरकोळ खड्डे धातूच्या इपॉक्सीने भरून घासता येतात. खोल असतील तर ॲल्युमिनियम वेल्डिंग करून लेथवर माप परत काढायचं. जाड ओ-रिंग घालून वेळ मारून नेली की पुढच्या मोसमात तेच काम पुन्हा दारात.

साफ करायला ॲसिड वापरू का?

आधी विनाॲसिड: नळीच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक पितळी किंवा लाकडी काडी आणि नायलॉनचा ब्रश. लोखंडी सळई नको, नळीला ओरखडा पडला की पुढचं भोक तिथेच. तोंडाशी इम्पेलरचे तुकडे, शिंपल्या, जस्ताच्या कांडीचे (ती नळ्यांऐवजी स्वतः झिजायला बसवलेली असते) खडे सापडतात. इम्पेलरची पाती मोजा. पंपात कमी असतील तर राहिलेली इथे किंवा वाटेतल्या कुलरमध्ये आहेत, आणि सापडेपर्यंत शोधायची.

कडक थर राहिला तर १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड, त्यात जुडगा दोन-तीन तास. मीठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक, लवकर काम करतं, पण ते फक्त जुडग्यापुरतं आणि १ भाग तेजाबाला १० भाग पाणी एवढं पातळ. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. दर १५ मिनिटांनी बघायचं आणि फसफस थांबली की लगेच काढायचं. जस्ताच्या कांड्या आधी काढा. ॲल्युमिनियमचं कवच या बादलीत कदापि नको, ते डोळ्यांदेखत झिजतं आणि हायड्रोजन सुटतो. काम उघड्यावर करा, बिडी लांब ठेवा आणि ब्लीचिंग पावडरशी संबंध येऊ देऊ नका. क्लोरिन वायू तयार होतो. शेवटी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून धुवा, मग भरपूर गोड पाणी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी: थरामुळे बुजलेलं भोक साफ केल्यावर उघडं पडतं. ‘ॲसिडने नळी खाल्ली’ अशी तक्रार येते ती बहुतेकदा यातूनच. म्हणून साफ केल्यावर दाबाची चाचणी पुन्हा घ्यायचीच. एक्स्चेंजर इंजिनावरून काढलेलाच असेल तर जुडगा कवचात बसवून, गोडी बाजू बंद करून पाण्यात बुडवा आणि १.५ बार हवेवर अर्धा तास बुडबुडे बघा.

गळकी नळी बंद करून टाकली तर?

जमतं, आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं चालतं. लेथवाल्याकडून पितळ किंवा गनमेटलची निमुळती बुचं करून घ्या: १५ ते २० मिमी लांब, एक टोक नळीच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा मिमी बारीक, दुसरं अर्धा मिमी जाड. बूच दोन्ही टोकांना लागतं. एकाच टोकाला मारलं तर कुलंट भोकातून नळीत येऊन दुसऱ्या टोकाने निघून जातं आणि गळती तशीच राहते. हलक्या हातोडीने, आवाज घट्ट होईपर्यंतच ठोका. जोर लावला की चकतीचं भोक ताणलं जाऊन शेजारच्या नळीचा सांधा सुटतो. लोखंडी स्क्रू किंवा लाकडाची खुंटी हा इलाज नाही.

मर्यादा साधारण दहा टक्के. ४० नळ्यांत ४ बंद केल्या तर चालतं, त्यापुढे पूर्ण लोडवर तापमान चढायला लागतं. आणि एका मोसमात दोन-तीन नळ्या गेल्या असतील तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, हे धरून चाला.

डाख (सोल्डर) दिला तर?

चकतीच्या सांध्यातली गळती असेल आणि मुळात कथलाचा डाख असेल, तर रेडिएटरवाला ती नीट करू शकतो. धातू चकचकीत झाल्याशिवाय डाख धरत नाही; हिरवट डागावर दिलेला डाख महिनाभरात सुटतो. चांदीचा डाख मजबूत, पण त्याला लागणारी उष्णता इतकी जास्त की शेजारचे कथलाचे सांधे वितळून जातात. म्हणून कारखान्यात कुठला डाख होता ते आधी ओळखा. नळीच्या मध्यावर भोक असेल तर तिथे हात पोचतच नाही, बूच हाच मार्ग. बाहेरून इपॉक्सी फासणं म्हणजे बंदरापर्यंत पोचायची सोय, दुरुस्ती नव्हे.

नवा घेताना काय बघायचं? ‘सेम साइज’ म्हणून देतात.

बाहेरचं माप जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. नळ्यांची संख्या आणि व्यास, लांबी, खारं पाणी किती फेऱ्यांत फिरतं, तोंडांची दिशा आणि होजचं माप एकेक करून जुळवा. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळ मानाने चौथा ते तिसरा हिस्सा या भागातून समुद्रात जातो, तेव्हा लहान एक्स्चेंजर घेऊन पैसे वाचत नाहीत. थंड समुद्रासाठी बेताने काढलेला जुना माल इथे तोकडा पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या आसपास असतं.

फक्त जुडगा वेगळा मिळत असेल आणि कवच शाबूत असेल तर तेवढाच घ्या. नळ्या पितळेच्या असतील तर नको. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे लालसर, ठिसूळ तांबं उरतं.

बसवताना कुठे चुकतं?

सर्वात जास्त एक्स्चेंजरच्या टोकाच्या झाकणाच्या आतल्या पडद्यापाशी. दोन फेऱ्यांच्या एक्स्चेंजरमध्ये (खारं पाणी अर्ध्या नळ्यांतून जातं आणि उरलेल्यांतून परत येतं) झाकणाला मधोमध एक उभी भिंत असते आणि पॅकिंगला तिच्यावर बसणारी पट्टी. ती पट्टी तुटलेली किंवा फिरलेली असेल तर पाणी नळ्यांत न जाता आतल्या आत प्रवेशातून थेट बाहेर निघतं. थेंब गळत नाही, एक्झॉस्टमधून पाणी भरपूर, आणि इंजिन तापतंय. असं असेल तर झाकण परत उघडा.

ओ-रिंग नव्याच घाला, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावून. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा; किती आवळायचे ते मॅन्युअलमध्ये बघा. रबरी टोप्या असतील तर क्लिपखाली स्टीलची धार येत नाही ना बघा. कुलंट भरताना एअर स्क्रू उघडा ठेवा, नाहीतर हवा अडकून पहिल्याच फेरीला हेड तापतं. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, पातळी पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी परत बघा.

खारं पाणी इंजिनात गेलंच होतं. एक्स्चेंजर दुरुस्त झाला, आता बस?

बस नाही. ब्लॉकमध्ये राहिलेलं मीठ लायनर, पंप आणि हेडचे मार्ग खातं, आणि त्याचा खर्च एक्स्चेंजरच्या कित्येक पट.

थर्मोस्टॅट काढा, ब्लॉकचा ड्रेनही उघडा, सगळं सोडा, गोड पाणी भरा, दहा-पंधरा मिनिटं चालवा, थंड करून परत सोडा. प्रत्येक वेळी समजा चौथा हिस्सा पाणी आत अडून राहतं. ३० लिटरमध्ये १० लिटर समुद्र शिरला असेल तर सुरुवात जवळपास ११,७०० पीपीएमने होते आणि चार फेऱ्यांनंतर सुमारे ४६ उरतात, अधिक तुमच्या पाण्याचा स्वतःचा आकडा. दोन फेऱ्यांवर थांबलात तर ७०० च्या वरच. निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस भरलेल्या पाण्याएवढा आला की थांबा. त्यानंतरच कुलंट.

समुद्रात असताना गळती वाढली तर?

आरपीएम उतरवा आणि अधूनमधून इंजिन निवू देऊन पिण्याचं पाणी टाकीत भरत या. गरम असताना झाकण उघडू नका. इंजिन निवल्यावर झाकण पहिल्या खटक्यावर सैल ठेवलं तर दाब बनत नाही आणि बाहेर जाणारं कुलंट कमी होतं. मात्र खारं पाणी आत यायचा संभव वाढतो, आणि उकळबिंदूही खाली येतो. काट्यावर माणूस बसवा. अगदीच निभावत नसेल तर समुद्राचं पाणी भरून बंदर गाठता येतं, पण त्याच दिवशी धुणं सुरू करायचं. उद्यावर नाही.

मुळात नळी गळायला लागते कशाने?

बहुतेक नळ्या चालताना नाही, उभ्या असताना मरतात. बंदरातल्या गाळाच्या, सांडपाण्याच्या पाण्यात सल्फाइड असतं. ते नळ्यांत साचून राहिलं की तांबं-निकेलवरचा संरक्षक थर बनूच देत नाही. गाळाच्या थराखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा सुरू होतो आणि आरपार जातो. खाडीत उभ्या राहणाऱ्या बोटींना हे जास्त.

दुसरं कारण वेग. नळ्यांत पाणी सेकंदाला दोन-अडीच मीटरहून जोरात गेलं की थर खरवडला जातो. इम्पेलरचा एखादा तुकडा नळीच्या तोंडात अडकला तर त्याच्या मागे भोवरा होतो आणि बरोबर तिथेच भोक पडतं. म्हणजे पाच मिनिटांच्या आळसाने सोडलेलं रबराचं पातं जुडगा घेऊन जातं. तिसरं, जस्त संपलेलं असणं. चौथं, तळाच्या पाण्यात लोंबणारी बिल्ज पंपाची वायर: भटका करंट धातू महिन्यांत नव्हे, आठवड्यांत खातो.

जस्ताची कांडी किती दिवसांनी बदलायची?

अर्धी झिजली की. नव्या बोटीवर पहिले काही महिने दर महिन्याला काढून बघा, मग तुमच्या बंदराचा हिशेब कळेल. चांगली चाललेली कांडी खडबडीत, चघळलेल्या उसासारखी दिसते. वर्षभरात जशीच्या तशी गुळगुळीत राहिली तर खुश होऊ नका, तिचा धातूशी संपर्कच नाही. आट्यांवर टेफलॉन टेपचे वेढे गुंडाळल्यानेही असं होतं. बदलताना जुन्या कांडीचा मोडका तुकडा आत पडला असेल तर तोही काढा.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसतं पाणी का नको?

कुलंट गोठू नये म्हणूनच असतं हा गैरसमज. त्यातली गंजरोधकं लायनर आणि पंप वाचवतात. पन्नास टक्के मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, शिवाय दाबाच्या झाकणामुळे आणखी वर. पाणी डिस्टिल्ड वापरा. बोअरचं क्षारयुक्त पाणी नळ्यांवर बाहेरून थर धरतं. साधं कुलंट दोन वर्षांनी बदला.

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात काय करून ठेवायचं?

महाराष्ट्रात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारीच्या यांत्रिक बोटी उभ्या असतात. बोट शाकारायच्या आधी खाऱ्या पंपाचा सक्शन होज गोड्या पाण्याच्या पिंपात सोडा आणि इंजिन हळू चालवून शंभरेक लिटर पाणी जाऊ द्या. मग झाकणं उघडून नळ्या निथळू द्या आणि उघड्याच ठेवा. जस्त काढून ठेवा. इम्पेलर बाहेर काढा, नाहीतर पाती वाकलेल्या आकारातच बसतात. तो काढलाय अशी चिठ्ठी स्टार्टरच्या बटणावर चिकटवा.

दाबाची चाचणी जूनमध्येच उरका. जुडगा मागवायचा झाला तर हातात वेळ असतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच तो हवा असतो, आणि लेथवाल्याकडे रांग लागते.